न ओरडलेला मासा

धक्क्यावर चार बाकं, दोन सायकली आणि तांगीच्या पाठीवर सात कागदी मासे होते. बाकी सगळं धुक्यात गेलं होतं. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या त्या बेटावर एक एप्रिलला पाठ थोपटणाऱ्याच्या तळहातात थट्टेचा, चिकटपट्टी लावलेला मासा असतोच, आणि त्या सकाळी तांगीची पाठ जो तो थोपटत होता. कारण एनोरा बाराच्या बोटीनं कायमची शहरात चालली होती आणि लग्नाचं विचारायला त्याच्याकडे आजचाच दिवस उरला होता.

"घाबरू नकोस रे," कॅफेवाल्या सोआझिग मावशींनी पाठीवर हात ठेवला. आठ.

एनोरा धुक्यातून हळूहळू उमटली. आधी लाल बॅग, मग ती. बॅग बोटीवर देऊन ती वळली.

"एनोरा, माझ्याशी लग्न करशील?"

"आधी पाठ दाखव."

त्यानं दाखवली.

"आठ मासे लावून मागणी घालतोयस होय?"

"खरं सांगतोय. मावशींना विचार."

"खरंच सांगतोय गं," मावशी म्हणाल्या. याच मावशींनी गेल्या वर्षी बेटावर रेल्वे येणार म्हणून अर्ध्या गावाला स्टेशनची जागा बघायला पाठवलं होतं. त्यांच्या साक्षीनं उरलासुरला विश्वासही गेला.

"बरं, ओरड आता," एनोरा म्हणाली. थट्टा उलगडताना ‘एप्रिलचा मासा!’ असं ओरडावं लागतं. त्याशिवाय ती संपत नाही.

"काय ओरडू?"

"लवकर ओरड. बोट सुटेल माझी."

"ओरडण्यासारखं काही नाहीये."

बोटीवरून गिल्दास काकांनी भोंगा दिला. "पोरा, ओरडून टाक की. ओहोटी लागली."

"नाही ओरडणार, काका."

"मग थांबतो मी. शेवट न ऐकता गेलो तर बायको घरात घ्यायची नाही."

प्रवासी कठड्याशी गोळा झाले. पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं झालं होतं, आणि त्या पांढऱ्या पोकळीत बोट, धक्का, माणसं अलगद टांगल्यासारखी दिसत होती. एनोरा तांगीच्या ओठांकडे पाहत राहिली. ते हलले नाहीत. मग ती बाकावर बसली.

"मी थांबू शकते हं," ती म्हणाली. आवाज जरा उतरला होता. "तू ओरडेपर्यंत."

"थांब."

तो तिच्या शेजारी बसला. पाठीमागे कागद चुरगळले. ओहोटीनं मात्र कुणासाठी कळ काढली नाही.

बोट सव्वीस मिनिटं उशिरा सुटली. लाल बॅग दीड वाजता पलीकडच्या काठावर एकटीच उतरली.