मधली पेटी

समितीच्या अध्यक्षबाईंनी तिचे सगळे प्रसंग परत पाठवले. वर लाल शाईत एकच ओळ होती: यात माणूस कुठे आहे?

ऑफिसात ती इंजिनीअर होती, पण आपण तिला सूनबाईच म्हणू, कारण पुढचा सगळा घोळ घरात झाला. काम तसं सरळ होतं. मोबाइलच्या टॉवरचा सिग्नल जाड भिंतीआड पोचत नाही. मग मध्ये रिलेची एक लहानशी पेटी बसवायची, तिने इकडचं ऐकायचं आणि तिकडे पोचवायचं. सगळ्या कंपन्यांच्या पेट्या एकाच रीतीने चालाव्यात म्हणून समिती नियम ठरवत होती. नियमांआधी ही पेटी कुठे, कोणाला, कशी उपयोगी पडेल याचे प्रसंग लिहायचे होते, आणि ते सूनबाईच्या गळ्यात पडले होते. तिने बोगदा लिहिला, तळघर लिहिलं, जहाज लिहिलं. माणूस तेवढा राहून गेला.

माणसं घरात होती. सासरे मागच्या खोलीत, सासूबाई स्वयंपाकघरात आणि मध्ये अबोला. खिडकीत उजेड यावा म्हणून सासऱ्यांनी एक वेल बुडापासून छाटला होता, आणि तो सासूबाईंनी लेकरासारखा वाढवलेला होता. तेव्हापासून एकमेकांशी बोलायचं ते सूनबाईमार्फत. "तिला सांग, भाजीला काही चव नाही," असं सासरे म्हणत. स्वयंपाकघरात पोचेपर्यंत त्याचं "बाबा म्हणतायत, तुम्ही दमलेल्या दिसता," असं होई. "त्यांना म्हणावं, जीभ तपासून घ्या," हा सासूबाईंचा जबाब. मागच्या खोलीत तो "आई विचारतायत, बरं वाटत नाही का?" असा पोचे. ऐकणारा मग निमूट जेवे. आपण धडधडीत खोटं बोलतो हे सूनबाईला कळत होतं, पण घर चाललं होतं ना, मग झालं.

शेवटी तिने घरचाच प्रसंग उतरवला. बोलणारा मागच्या खोलीत, ऐकणारी स्वयंपाकघरात, मध्ये भिंत, दोघांच्या मध्ये पेटी. अध्यक्षबाई बेहद्द खूश झाल्या. त्यांनी तिला तो बैठकीत मांडायला परगावी बोलावलं आणि वर एक कलमही लिहून आणायला सांगितलं: पेटीने निरोपात पदरचं काही घालू नये. ते लिहिताना सूनबाईचे कान गरम झाले.

जाताना घरची पेटी म्हणून नवऱ्याला नेमणं भाग होतं. नवरा मुद्रितशोधक. दुसऱ्याच्या मजकुरात आपला शब्द घुसडणं हे त्याच्या लेखी पाप. मी नेमकं करायचं काय, असं त्याने विचारलं तेव्हा आपण आजवर काय करत आलो हे सांगायची तिला लाज वाटली, आणि तिच्या तोंडून ते कलमच निघून गेलं.

"निरोप जसाच्या तसा पोचवायचा. पदरचं काही घालायचं नाही."

"मग सोपंय," नवरा म्हणाला.

बैठक रंगात आली असताना कोणीतरी विचारलं, ही पेटी मध्येच नाहीशी झाली तर काय होईल? तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"आई बॅग भरतेय. ताईकडे जाते म्हणते, कायमची."

"अरे, पण तू सांगितलंस तरी काय?"

"बाबा जे म्हणाले तेच. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही." त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

प्रश्नाचं उत्तर तसंच टाकून सूनबाईने मिळेल ती बस धरली. सासूबाई बोलल्या की करून दाखवायच्या. आणि ही दोघं दोन गावांत राहिली तर झुरून जातील, हे सांगायला समितीची गरज नव्हती.

घरी पोचली तर नवरा तोंड पाडून पायरीवर बसलेला. आत पलंगावर अर्धवट भरलेली बॅग, तिच्या एका अंगाला सासूबाई, दुसऱ्या अंगाला सासरे. आणि दोघं चक्क बोलत होते, मध्ये कोणी नसताना.

"म्हणजे 'तू दमलेली दिसतेस' असं तुम्ही म्हणालाच नव्हता?"

"मी म्हणालो होतो, भाजीला चव नाही. आणि माझ्या तब्येतीची ती चौकशी?"

"जीभ तपासून घ्या म्हणाले होते मी."

दोघांनी एकदमच दाराकडे पाहिलं. दारात उभ्या सूनबाईला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. "चुकलं माझं," ती कशीबशी म्हणाली.

सासऱ्यांनी हातानेच तिला थांबवलं. ते बायकोकडे बघत होते. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. एवढ्या वर्षांत तू माझ्याशी इतकं गोड कधी बोललीस?"

"कळलं होतं, तर अबोला का नाही सोडलात?"

सासरे बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "सोडला असता तर निरोप यायचे थांबले असते."

बॅगेतला एकेक कपडा काढून सासूबाई कपाटात ठेवू लागल्या. बॅग रिकामी झाल्यावर डोळे टिपून सूनबाईकडे वळल्या.

"यांना म्हणावं, जेवायला चला."

"आई, ते तुमच्या समोरच उभे आहेत."

"दिसतायत मला. पण तूच सांग. तुझ्या तोंडून मी बरी वाटते."