ऑब्री हॉकिंगचे दोन लॉकर

"पुढचा की मागचा?" या एका प्रश्नात ऑब्री हॉकिंगने सात महिने घालवले. आठव्या महिन्यात त्याच्या बायकोने, ग्लेनिसने, नाश्त्याच्या टेबलावरचे त्याचे सगळे कागद, कोष्टकं आणि माहितीपत्रकं उचलून कुत्र्याच्या टोपलीत टाकली. कुत्र्याने आधी एक कागद हुंगला, मग दुसरा, आणि शेवटी तोही काही न ठरवता झोपला.

लॉकर म्हणजे दागिने ठेवायचा नव्हे. फोर-व्हील गाडीचं एक चाक खड्ड्यावर अधांतरी लटकलं, की चाकांच्या त्या जोडीची सगळी ताकद लटकत्या चाकाकडे जाते. ते रिकामं चाक गरागरा फिरतं आणि जमिनीवरचं कामाचं चाक नुसतं बघत बसतं. ज्यांनी कचेरीत नोकरी केली आहे त्यांना जास्त सांगायला नको. लॉकरचं बटण दाबलं की दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जातात: फिरायचं तर बरोबर. पुढच्या चाकांना लॉकर बसवला तर गाडी ओढून वर नेतो, पण स्टिअरिंग दगडासारखं होतं. मागच्या चाकांना बसवला तर ढकलून वर नेतो, पण शेपूट उताराकडे सरकतं. दोन्हीकडे बसवणारेही लोक असतात. खर्च दुप्पट, म्हणून ते बहुधा दंतवैद्य असतात.

ऑब्रीने एकतीस वर्षं गव्हाच्या कोठारात वजनकाट्यावर काम केलं होतं. तिथे काटा ठरवायचा आणि ऑब्री लिहून घ्यायचा. निवृत्त झाल्यावर ठरवायचं कामही आपल्याकडेच आलं आहे, हे कळल्यापासून तो बिचारा जरा खचलाच होता.

एरवी हे असंच चाललं असतं. पण त्या वर्षी सिम्पसनच्या वाळवंटात पाऊस झाला. म्हणजे हिवाळ्यात, तिकडच्या जून-जुलैत, तांबड्या वाळूवर फुलं येणार. ही फुलं पाहायचं ग्लेनिसने लग्नाच्या आधीपासून मनात धरलं होतं, आणि त्यांच्या कपंडा गावाचा फोर-व्हील क्लब जुलैमध्ये आठ गाड्या घेऊन तिकडे निघणार होता. वाळूच्या अकराशे टेकड्या ओलांडायच्या, म्हणून नियम एकच: गाडीला किमान एक लॉकर हवा. सात नावं झाली होती. आठवी जागा ऑब्रीसाठी मार्चच्या सभेपर्यंत राखली होती.

"बसवलास ना रे बाबा?" सभेत अध्यक्ष डडली ट्रेझिसने पेन उघडून विचारलं. "नाहीतर मागे तिघे जण टपून बसलेत."

ऑब्रीने मागे पाहिलं. तिघेही खरोखर टपून बसले होते.

"बसवला," ऑब्री म्हणाला. शनिवारपर्यंत ठरवू, सोमवारी बसवू, असा त्याचा हिशेब होता.

"पुढचाच ना?" डडली पुढच्या लॉकरचा भक्त होता. एकोणीस वर्षं तो दर सभेत त्याचं कीर्तन करत असे.

"पुढचाच."

सभा संपता संपता पोचलेल्या लोथर शुबर्टने त्याला बाहेर गाड्यांपाशी गाठलं. लोथरचं गावात गॅरेज होतं, आणि त्याच एकोणीस वर्षांत त्याने पुढच्या लॉकरबद्दल एकही चांगला शब्द काढला नव्हता.

"लेका, बसवलास म्हणे! मागचा ना?"

ऑब्रीने मान हलवली. मान कुठल्या दिशेने हलली हे त्याचं त्यालाही कळलं नाही. लोथरला मात्र कळलं.

"शाबास! पण माझ्याकडे का नाही आलास? मी काय मेलो होतो?"

"तुझी पाठ दुखते ना," ऑब्री म्हणाला. "म्हटलं, गाडीखाली कशाला निजवायचं तुला. अॅडलेडला करून घेतला."

लोथरचे डोळे भरून आले. त्याच्या पाठीची चौकशी घरातसुद्धा कोणी करत नव्हतं.

शनिवारी बेकरीत डडली आणि लोथर एकाच वेळी खिम्याची पेस्टी घ्यायला आले. तिथे आधी पुढच्या-मागच्यावरून जुंपली. मग डडली म्हणाला, "त्याने माझ्या तोंडावर पुढचा सांगितलाय." लोथर म्हणाला, "मला मागचा." ऑब्रीसारखा माणूस खोटं बोलेल हे दोघांच्याही मनात आलं नाही. उरला एकच अर्थ.

"दोन्ही!" डडली म्हणाला. "आणि गवगवा नाही, काही नाही. बघ, किती साधा माणूस!"

दुपारपर्यंत ही बातमी हिरवळीवर चेंडूचा खेळ खेळणाऱ्या बायकांपर्यंत पोचली. ग्लेनिस खेळ अर्धा टाकून घरी आली.

"दोन लॉकर घेतलेस तू?"

"नाही गं."

"मग किती?"

ऑब्रीने अॅप्रन काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. "अजून एकही नाही."

ग्लेनिस खाली बसली. "म्हणजे आपलं नाव खोटं लागलंय. कळलं तर काढतील."

"कळायच्या आत बसवतो. फक्त कुठला ते—"

"ऑब्री, ते वाक्य पुरं करू नकोस. मला ती फुलं बघायची आहेत."

पण मंगळवारी समितीची चिठ्ठी आली. दोन लॉकरची गाडी ताफ्यात एकच असल्यामुळे ती शेवटी राहील आणि पुढची कुठलीही गाडी अडकली की बाहेर काढेल. रविवारी सराव आहे, जावईपाडीवर. ही एका मेंढपाळाच्या रानातली चढण. त्याचा जावई ट्रॅक्टरसकट तिच्यावरून खाली आला होता, तेव्हापासून तिचं हे नाव पडलं. आणि खाली डडलीच्या अक्षरात लिहिलं होतं: "तुझी दोन बटणं बघायला सगळे उत्सुक आहेत."

रविवारपर्यंत लॉकर बसणं शक्य नव्हतं. बटणं शक्य होती. ऑब्रीने दोन लाल बटणं आणून स्टिअरिंगशेजारी बसवली आणि दोन्हींच्या तारा टायरमध्ये हवा भरायच्या पंपाला जोडल्या. कुठलंही दाबलं की दिवा लागे आणि पंप गुरगुरे. ग्लेनिस दारात उभी राहून बघत होती.

"छान दिसतं," ती म्हणाली. "ही दाबून आपण फुगे फुगवू."

जावईपाडीवर पहिला मान अध्यक्षांचा. डडलीने पुढचा लॉकर लावला आणि गाडी रणगाड्यासारखी चढू लागली. वळण आलं. डडलीने स्टिअरिंग फिरवलं, पण गाडीला ते पटलं नाही. ती सरळ गेली आणि काटेरी झुडपात तोंड खुपसून थांबली.

"आता बघा!" म्हणत लोथर मागचा लॉकर लावून त्याला सोडवायला निघाला. वळणापर्यंत तो पोचलाही. तिथे गाडीच्या शेपटाला खालच्या ओघळीचा मोह पडला. लोथर वाटेवर आडवा झाला, एक चाक हवेत, एक ओघळीत.

मग दोघेही रेडिओवरून एकदमच ओरडले, "ऑब्री! ये!"

खाली उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऑब्रीच्या गाडीकडे पाहिलं. ऑब्रीने दोन्ही बटणं दाबली. दिवे लागले, पंप गुरगुरला, कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

"ग्लेनिस, हे माझ्याच्याने व्हायचं नाही."

"मग नको करूस. गाडी मागे घे." तिने मांडीवर नकाशा पसरला होता. "हे बघ, टेकडीच्या माथ्यावर पाण्याची टाकी आहे. मेंढपाळ टँकर काय या चढणीवरून नेतो? रस्ता असणारच."

गाडी वळून निघाली. "पळाला!" खाली कोणीतरी म्हणालं.

रस्ता होता. अकरा किलोमीटरचा वळसा, दोन फाटकं, एक कुलूप. मेंढपाळाच्या बायकोने किल्ली दिली आणि विचारलं, "कोणाचा जावई अडकलाय?" चाळीस मिनिटांनी ऑब्रीची गाडी माथ्यावर, कडक सपाट जमिनीवर उभी राहिली. गाडी ओढायचा लांब पट्टा खाली सोडून त्याने आधी डडलीला झुडपातून उपसलं, मग लोथरला ओघळीतून. सपाट जमिनीवरून ओढायला लॉकर लागत नाही. लागतो तो पट्टा आणि धीर, आणि धीराचा पुरवठा शेजारच्या सीटवरून होत होता.

"मागच्या अंगाने चढला!" डडली अंगातले काटे काढत म्हणाला. "तिथे तर वाटच नाही, नुसता कडा आहे! पुढचा लॉकर, दुसरं काय!"

"डोळे फुटले काय तुझे?" लोथर म्हणाला. "ओढताना सगळा भार मागच्या चाकांवर होता."

दोघांनी ऑब्रीकडे बघितलं, काटा काय दाखवतो या आशेने. ऑब्रीला ते बघणं सहन झालं नाही. तो तडक व्हर्ना नॉयमनकडे गेला. सत्तरीची व्हर्ना या मोहिमेची म्होरकी होती आणि वळशाच्या रस्त्याने त्याच्याच मागून शांतपणे वर आली होती. ती थर्मासमधून चहा ओतत होती.

"व्हर्ना, माझ्या गाडीला लॉकर नाही."

"माहीत आहे."

"एकही नाही."

"तेही माहीत आहे. मार्चच्या सभेच्या दिवशीच मी तुझ्या गाडीखाली निजून आले. चाळीस वर्षं गावोगाव नर्स म्हणून फिरले मी, ऑब्री. माणूस काय सांगतो ते ऐकायचं, आणि मग पांघरूण उचलून बघायचं."

ऑब्री गाडीच्या पायरीवर बसला. "मग नाव का नाही काढलंस? वर शेवटची गाडी केलंस!"

"लॉकरवाल्या सात आहेत माझ्याकडे," व्हर्ना म्हणाली. "बटण हाताशी असलं की माणूस जिथे जाऊ नये तिथे जातो. सात जण अडकायला पुरेत. मला एक असा हवा होता जो आधी रस्ता शोधेल." तिने ग्लेनिसकडे बघून कप उचलला. "किंवा ज्याची बायको शोधेल."

ऑब्रीने इतका लांब श्वास सोडला की चहाची वाफ सरळ आडवी गेली.

"पण नियम तो नियम," व्हर्ना म्हणाली. "तुझं नाव मी पेन्सिलने लिहून ठेवलंय. जूनच्या पहिल्या तारखेपर्यंत एक बसव."

"कुठला?"

"दुकानात असेल तो."

ऑब्रीच्या सात महिन्यांच्या कोष्टकांत हा रकानाच नव्हता.

मग त्याने डडली आणि लोथरला सगळं सांगितलं. दोघे आधी हसले. मग दोघे दोन बाजूंनी गाडीखाली शिरले, एक पुढून, एक मागून. बाहेर आले ते खांद्याला खांदा लावून.

"हलकट," डडली म्हणाला.

"अगदी," लोथर म्हणाला. "आणि माझ्या पाठीची ती चौकशी?"

"ती खरी होती," ऑब्री म्हणाला.

"बरं, मग नुसता हलकट."

एकोणीस वर्षांत दोघांचं एकमत झालेलं हे पहिलंच. परतताना तिघांनी एकाच गाडीपाशी उभं राहून पेस्ट्या खाल्ल्या, आणि ऑब्रीला वाटलं की अशी शिवी खाऊन इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी ठीक नऊ वाजता त्याने अॅडलेडच्या दुकानाला फोन लावला. त्याचा आवाज मोकळा होता. काय विचारायचं ते त्याला नेमकं माहीत होतं.

"माझ्या गाडीसाठी लॉकर हवाय. तुमच्याकडे जो असेल तो द्या."

"आपलं नशीब बघा, साहेब," दुकानदार खुशीत म्हणाला. "परवाच माल आलाय. दोन्ही आहेत. कुठला पाठवू?"

ऑब्रीने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ग्लेनिसने हातातली बशी ठेवली, त्याच्या हातातून फोन घेतला, एक शब्द उच्चारला आणि पत्ता सांगून फोन ठेवून दिला.

तो शब्द कुठला होता ते ऑब्रीने ऐकलं नव्हतं. त्याने विचारलंही नाही. पाण्याची किटली चुलीवर ठेवून तो म्हणाला, "फुलं नक्की कुठल्या रंगाची असतात गं?"