पडदा पडला की चहा

"यंदा पडदा अडकला, तर पुढच्या वर्षी नाटक बंद. लेझीम!" हेडमास्तर आठल्ये यांनी समोर उभ्या असलेल्या दहावीतल्या शैलजाला बजावलं आणि टेबलावर रूळ आपटला.

हेडमास्तरांचा राग अगदीच अवाजवी नव्हता. गेल्या स्नेहसंमेलनात पडदा अर्ध्यावर अडकला होता आणि खाली उरलेल्या हातभर फटीतून प्रमुख पाहुण्यांना नाटकाच्या नायकाचे धोतर सोडून चड्डी चढवणारे पाय दिसले होते. सुरतेतल्या मराठी शाळेची अब्रू ती काय, आणि ती अशी गुडघ्यापर्यंत उघडी पडली. त्या दिवसापासून हेडमास्तरांच्या डोक्यात लेझीम घुमू लागली होती. लेझमीला पडदा लागत नाही.

शैलजाला नटी व्हायचं होतं, पण तिचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचायच्या आत दम टाकायचा. दुसऱ्या कुठल्या मास्तरांनी तिला स्वागतगीताच्या मागच्या ओळीत उभी केली असती. खांबेटे सरांनी तिच्या हातात दोनशे पानी वही ठेवली. सर शिकवायचे भूगोल, पण त्यांचा सगळा जीव नाटकात होता. "आवाज नाही ना? मग डोळे वापर," ते म्हणाले. "कोण कुठून येतो, कुठे बसतो, कंदील कुणी लावायचा, सगळं लिहून काढ. पाठ कर. आणि मग वही मिटून ठेव. नाटक वहीत नसतं, स्टेजवर असतं."

शैलजाने लिहून काढलं, पाठही केलं. वही मात्र तिच्याच्याने मिटवेना. पुढच्या वर्षी अख्खं नाटक तुलाच बसवायला देईन, असा शब्द सरांनी दिला होता. त्या शब्दावर ती चार महिने नाचत होती, आणि आता तो शब्द एका दोराला टांगलेला होता.

पडद्याचा माणूस नववीतल्या सुकदेवने आणला. माणूस म्हणजे त्याचे वडीलच, उखाकाका. अमळनेरकडून सुरतेला येऊन त्यांना बारा वर्षं झाली होती आणि बाराही वर्षं ते उधन्याच्या एका कारखान्यात माग चालवत होते. सुट्टीच्या दिवशी ते आले, जुनी गंजकी कप्पी बघून त्यांनी फक्त "हं" म्हटलं, आणि कारखान्यातल्या मोडीतून आणलेल्या दोन कप्प्या तेल घालून बसवल्या. कांतिलाल शेठनी पडद्यासाठी देणगी दिलेलं गुलाबी आर्टसिल्क असं सर्रकन वर जाऊ लागलं आणि सर्रकन खाली येऊ लागलं, की शैलजाने आनंदाने सतरा वेळा पडदा वरखाली करायला लावला.

"काका, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसाना माय? दोर मना हातमा शे. तू चिंता करू नको."

तालमी दुपारी चारला असत आणि उखाकाकांची पाळी सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत. त्यामुळे पडदा त्यांना पाठ झाला, नाटक मात्र एकदाही पाहायला मिळालं नाही. त्याने काय बिघडतंय, असं सगळ्यांनाच वाटलं. प्रयोगाच्या दिवशी त्यांनी मेहुण्याला, भटूला, आपल्या मागावर उभं केलं आणि इस्त्रीचा सदरा घालून पाच वाजताच हजर झाले.

सहा वाजता दुसरी घंटा झाली. शैलजा सरांना शोधत मांडवात आली, तर सर पाचव्या रांगेत पाय पसरून शेंगदाणे खात बसलेले.

"सर, तुम्ही आत नाही?"

"नाही. तिसऱ्या घंटेपर्यंत नाटक माझं. नंतर तुझं. जा, पळ."

नाटक सरांनीच लिहिलं होतं. निवृत्त कारकून आप्पा, मुलाशी भांडलेले. मुलगा घर सोडून गेलेला. आई रोज त्याचं ताट वाढून ठेवते. शेवटी मुलगा दारात येतो, आप्पा त्याच्याकडे पाठ करून गप्प उभे राहतात, मनात दहा आकडे मोजतात आणि म्हणतात, "हात धू. ताट वाढलंय." त्या दहा आकड्यांवर सरांनी दीड महिना घालवला होता. आप्पा अकरावीतला अशोक होता, आई सुधा, आणि दारात येणारा मुलगा सुकदेव.

तिसरी घंटा झाली. पडदा असा अलगद वर गेला की पहिल्या रांगेत कांतिलाल शेठ खूश होऊन शेजारच्या हेडमास्तरांना म्हणाले, "जुओ, एक पण सळ नथी!" शैलजा डाव्या विंगेत वही उघडून उभी होती. समोर उजव्या विंगेत दोर धरून उखाकाका, नजर स्टेजवर रोखलेली.

सहाव्या मिनिटाला अशोक अडला. "या घरात माझा शब्द..." एवढं म्हणून तो थांबला. शैलजाने पुढचं वाक्य द्यायला तोंड उघडलं, तोच सर्रकन पडदा खाली आला.

मांडवात टाळ्या वाजल्या. टाळ्यांपेक्षा वाईट म्हणजे शाळेच्या शिपाईण पुष्पाबाई किटली घेऊन निघाल्या. पडदा पडला की पाहुण्यांना चहा द्यायचा, असा त्यांना हेडमास्तरांचा हुकूम होता आणि हुकमाबाहेर जायचा त्यांचा स्वभाव नव्हता. सहा मिनिटांत मध्यंतर झालेलं बघून हेडमास्तर छापील कार्यक्रमपत्रिका उलटसुलट करून पाहू लागले.

शैलजा धावत उजव्या विंगेत गेली. "काका! पडदा का पाडलात?"

"तार तुटनी ना, माय!" उखाकाकांना तिच्याच प्रश्नाचं नवल वाटलं. "पोर्या बोलता बोलता थांबना. तार तुटनी की साचा बंद करो पडस. तसाच चालू ठेवा तर बठ्ठं कापड खराब. तू जोडी ले, मंग मी चालू करस."

शैलजाला एकदम उमगलं. साचा म्हणजे माग. दोरा तुटला की तो थांबवायचा, तुटलेलं जोडायचं, मगच पुढे विणायचं. बारा वर्षं रोज बारा तास हा माणूस हेच करत आला होता. त्याला पडदा कधी पाडायचा ते तिने शिकवलं, कधी पाडायचा नाही हे शिकवायचं तिला सुचलंच नव्हतं. वहीत तसं पानच नव्हतं.

"काका, इथे तार तुटली तरी साचा चालूच ठेवायचा. मी हात केल्याशिवाय दोर सोडायचा नाही. शपथ आहे."

"तुटेल तारवर चालू?" काकांचा चेहरा पडला. "बरं. तू म्हनस तसं."

पडदा वर गेला. पाहुण्यांचे कप अजून हातातच होते. नाटकाने जरा वेग घेतला, सुधा छान रडली, दोन ठिकाणी हशा मिळाला. शैलजा आता एकही वाक्य निसटू द्यायचं नाही म्हणून वहीत नाक खुपसून, ओळीखाली बोट धरून उभी होती. आणि ऐन भांडणाच्या प्रवेशात, आप्पा तावातावाने खुर्चीवरून उठताहेत, तोच पुन्हा सर्रकन पडदा.

"फरी पाड्यो! वाह!" पडदा पुन्हा पडलेला बघून कांतिलाल शेठ ओरडले. आपल्या कापडाचं इतकं कौतुक शाळा करील असं त्यांना वाटलं नव्हतं. पुष्पाबाई निमूटपणे किटली उचलून निघाल्या.

शैलजा या वेळी स्टेजवरूनच धावत गेली. "काका! शपथ घातली होती ना मी!"

उखाकाका स्टेजकडे वळले. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. आप्पांचा कासोटा खुर्चीच्या खिळ्यात अडकून पूर्ण सुटला होता. धोतर एका हाताने कसंबसं धरून अशोक कसनुसा चेहरा करून उभा होता. आणखी एक पाऊल टाकलं असतं, तर गेल्या वर्षी जे हातभर फटीतून दिसलं ते यंदा संपूर्ण दिसलं असतं.

"कापडमा खोट दिसनी," काका हळूच म्हणाले. "मी तुनाकडे पाह्यं. तुनं डोकं वहीमा व्हतं."

शैलजाला रडूच आलं. राग आला म्हणून नाही. सर चार महिने जे सांगत होते ते या माणसाने कुणी न सांगता केलं होतं. तो स्टेजकडे बघत होता आणि ती वहीकडे. "काका, तुमच्यामुळे वाचलो," ती म्हणाली आणि अशोकचा कासोटा खोचायला धावली. त्या गडबडीत वही आईच्या पाटावर राहिली. तिच्यावर सुधा बसली आणि पडदा वर गेला.

आता काय होईल ते होवो. शैलजा उखाकाकांच्या शेजारीच उभी राहिली. वहीशिवाय ती पहिल्यांदाच नाटक बघत होती. अशोक बोलताना धोतराचा सोगा बोटांत गुंडाळतो, हे तिला आज दिसलं. सुधा ताटातलं मीठ पुन्हा पुन्हा सारखं करते, हे कुणीच बसवलेलं नव्हतं.

शेवटचा प्रवेश आला. दारात सुकदेव उभा राहिला. शेजारी काका टाचा उंचावून मुलाकडे बघू लागले. आप्पांनी मुलाकडे पाठ केली. एक, दोन, तीन... शैलजा मनात मोजू लागली. मांडवात कुणी खोकलंही नाही. आठ, नऊ, दहा.

अशोक बोलेना.

अकरा, बारा. त्याच्या कपाळावर घाम दिसला आणि तिला कळलं. दीड महिना दहापर्यंत मोजता मोजता गड्याचं मोजणं पाठ झालं होतं आणि वाक्य उडालं होतं. "हात धू," ती विंगेतून म्हणाली. तिचा तो आवाज, तिसऱ्या रांगेपर्यंत न पोचणारा, तो अशोकपर्यंतही पोचला नाही. मोठ्याने म्हणावं, तर हेडमास्तर त्याच्याआधी ऐकणार. पंधरा, सोळा.

"माय," उखाकाका कळवळून पुटपुटले, "तार तुटनी." दोरावरची बोटं पांढरी पडली होती, पण या वेळी ती शेजारीच होती आणि शपथ म्हणजे शपथ. त्यांनी दोर सोडला नाही.

शैलजाने स्टेजकडे पाहिलं. पाठमोरा बाप. उंबऱ्यावर मुलगा. मध्ये वाढलेलं ताट. आई दोघांकडे बघते आहे. आणि पहिल्या रांगेत, मराठीचा गंध नसलेले कांतिलाल शेठ उपरण्याने डोळे पुसताहेत. काहीही बोलायची गरज नव्हती. ते वाक्य तिने शंभर वेळा लिहिलं होतं आणि आता ते नको होतं.

"जोडायची नाही आता," ती म्हणाली आणि हात वर केला. "पाडा, काका."

पडदा खाली आला. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पुष्पाबाईंच्या हातातली किटली हिंदकळली.

थोड्या वेळाने हेडमास्तर आत आले. कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे एकच अंक आणि प्रत्यक्षात तीन वेळा चहा, हा हिशेब त्यांना लागत नव्हता. पण शेठनी पुढच्या वर्षी मखमलीचा पडदा कबूल केला होता आणि मखमल काही लेझमीला लावता येत नाही. "पडदा जरा जास्त पडला," ते म्हणाले, "पण अडकला नाही. पुढच्या वर्षी एकदाच पाडा." एवढं बोलून ते गेले आणि अशोक व सुधा आनंदाने ओरडले.

त्यांच्यामागून खांबेटे सर आले. शैलजाने मान खाली घातली. "सर, तुमचं शेवटचं वाक्य..."

"ऐकू आलं मला."

"पण कुणी म्हटलंच नाही!"

"तरी ऐकू आलं. मी लिहिलं तेव्हा हे मला सुचलं नव्हतं." सरांनी शेंगदाण्यांची पुडी तिच्यापुढे धरली. "पुढचं नाटक तुझं."

तिला सरांच्या पाया पडायचं होतं, पण दाणे हातात आले होते. तिने ते मुठीत घट्ट धरले आणि वाकून नमस्कार केला. वही नसती दिली या माणसाने, तर ती आज स्वागतगीताच्या मागच्या ओळीत असती.

मांडव रिकामा झाला. खुर्च्या उचलून झाल्या. उखाकाका मात्र दोरापाशीच उभे होते.

"बाबा, चला ना घरी," सुकदेव म्हणाला.

"कसं जावानं?" काका म्हणाले. "पाळी संपनी तरी तुटेल तार जोडीसनच जातस आम्ही. तो बाप शेवटले काय म्हनस? पोर्याले घरमा लेस का नही?"

अशोकने जीभ चावली. शेठना कळलं, हेडमास्तरांना कळलं, आणि ज्याने नाटक वाचवलं त्यालाच शेवट सांगायचा राहिला होता. शैलजाने काकांचा हात धरला आणि त्यांना खाली, पहिल्या रांगेच्या जागी, उरलेल्या एकुलत्या खुर्चीवर नेऊन बसवलं. दोर तिने स्वतः ओढला. ताट मांडलं गेलं, सुधा पाटावर बसली, सुकदेव दारात उभा राहिला. अशोकने पाठ केली, दहा मोजले आणि वळून स्पष्ट म्हणाला, "हात धू. ताट वाढलंय."

खुर्चीतून एक मोठा सुस्कारा ऐकू आला. "आते कापड पुरं व्हयनं," उखाकाका सदऱ्याच्या बाहीने डोळे टिपत म्हणाले.

शैलजाने पडदा पाडला. इस्त्रीच्या सदऱ्यातला तो एकटा प्रेक्षक टाळ्या वाजवत राहिला. त्या टाळ्या थांबायच्या आत कोपऱ्यातून पुष्पाबाई आल्या, किटली तिरकी करून तळाशी राहिलेला सगळा चहा त्यांनी एका कपात काढला आणि हुकमाप्रमाणे पाहुण्यांना दिला.