हर्णैच्या वाळूतलं पेव

गावाला समुद्र असला की माणसं संध्याकाळी त्याच्याकडे तोंड करून बसतात. अंथुर्ण्याचे आबा त्याच्याकडे पाठ करून बसत. सूर्य बुडायला आलेला, अख्खी पुळण पश्चिमेला डोळे लावून बसलेली, आणि आबा एकटे माडांकडे बघत विडी ओढताहेत. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "त्येच्याकडं काय बघायचं, मास्तर? पिता येईना, उसाला देता येईना. काय खरं न्हाय."

हे 'काय खरं न्हाय' म्हणजे आबांचा शिक्का. तो माडावर उमटे, होडीवर उमटे, राधाकाकूंनी प्रेमानं पाठवलेल्या आमसुलाच्या सारावरही उमटे.

मी बारामतीचा, अंथुर्ण्याच्या शेजारचाच; इथं हर्णैच्या शाळेत मास्तर. आबांचा सदाशिव बंदरावरच्या नाक्यावर कारकून म्हणून लागला आणि आमच्याच आवारात बिऱ्हाडाला आला. घरमालकीण राधाकाकू. आबांची बायको मागंच वारलेली, म्हणून जमीन भावावर टाकून तेही आले. घरातलं तिसरं माणूस म्हणजे सून, हौसा. माहेर लोणी भापकर, वय कोवळं, पहिलटकरीण. घरात दुसरं बाईमाणूस नाही. सासऱ्यासमोर ती पदर सावरून उभी राही, आणि तिचा आवाज मी कित्येक दिवस ऐकला नव्हता. आपल्या मुलखातलं बिऱ्हाड शेजारी आलं म्हणून मी हरखलो होतो. आबांनी तो आनंद फार काळ टिकू दिला नाही.

त्यांना भाकरी हवी होती. ज्वारीची, रोज, दोन्ही वेळा. भात म्हणजे आजाऱ्याचं खाणं, हे त्यांनी नाक्यावर सांगितलं, देवळात सांगितलं, मासळीच्या लिलावात उभं राहून कोळणींनाही सांगितलं. सदाशिव बांगड्याचं कालवण आणि भात मिटक्या मारत खाई. आबा ताटावर बसून भाकरीच्या नावानं ओरडत. गावानं त्यांचं नाव 'भाकरीआबा' ठेवलं. आबांना ते आवडलं असावं.

येताना ते ज्वारीची पोती घेऊनच बोटीतून उतरले होते. आता पोती म्हणजे घरात ठेवायची वस्तू. पण आबांच्या मते दाणा राहतो तो पेवात. आमच्याकडे जमिनीत खोल खड्डा खणून त्यात धान्य पुरतात, तेच हे पेव. आबांनी परसात जागा आखली आणि कुदळ मागितली.

राधाकाकू ओटीवरून म्हणाल्या, "आबा, ही वाळू हो. वरून कोरडी दिसते, खालून समुद्र असतो."

"काकू, आमच्याकडं दोन पिढ्या हिरी खांदल्या, तवा कुठं घागर भिजली," आबा म्हणाले. "पानी असं फुकाट येत न्हाय."

ज्या माणसानं जन्मभर पाण्यासाठी खणलं, त्याच्या मुंडाशात ही गोष्ट शिरणार कशी, की पाणी आपण होऊन भेटायला येतं? पेव झालं. आत जाळ करून ते शेकवलं, शेणानं लिंपलं, पेंढा अंथरला, ज्वारी ओतली, तोंड बंद केलं. वर नारळ फोडला. आबांनी आपली बाजही तिथंच टाकली.

वैशाखी अमावास्येला मोठं उधाण आलं. दोन-तीन दिवसांनी परसात आंबूस वास सुटला. आबांनी पेव उघडलं, हात घातला आणि मूठ वर काढली. मुठीत पांढरे लांब मोड होते. खाली नुसता चिखल.

राधाकाकूंना हसू आवरेना, म्हणून त्या आत गेल्या. मलाही हसू येत होतं. मी म्हटलं, आबा, जाऊ द्या. आता पावसाळ्यात बोटी बंद होतील, चार महिने भात खा. भातानं काही माणूस मरत नाही.

आबा पेवाच्या कडेला बसले. मग त्यांनी माझ्यासमोर तोंड उघडलं. आत तीन दात होते.

"मला कुठं भाकरी चावतीया, मास्तर?"

हातातले मोड त्यांनी पेवात टाकून दिले.

"पोरीला भात उतरंना. माशाच्या वासानं उलटी हुती. पोटुशी हाय आन् निम्मी झालीया. सदाला दिसत न्हाय. ती मागायची न्हाय, आन् मी इचारलं तर लाजंनं मरंल. म्हनून मीच खादाड झालो. मी वरडतो, ती थापती, आन् मी म्हनतो, पोट भरलं, ह्ये तूच संपव."

दुसऱ्या दिवशी आबा पडावातून, म्हणजे किनाऱ्यावरच्या लहान होडीतून, मुंबईच्या बोटीवर चढले, गावाकडून ज्वारी आणायला. बोट लागून ओकाऱ्या येणार हे त्यांना ठाऊक होतं. शेवटच्या बोटीनं परतले, तेव्हा चेहरा लिंबासारखा पिवळा, मुंडासं सुटलेलं, आणि मांडीवर अंथुर्ण्याच्या ज्वारीचं पोतं. बरोबर उतरलेल्या उतारूंनी सांगितलं, म्हातारा वाटभर ओकला, पण पोत्यावरचा हात काढला नाही.

घरी येताच त्यांनी अंगणातूनच हाळी दिली, की भुकेनं जीव चाललाय, भाकरी टाक. ज्वारी दळून झाली, भाकऱ्या झाल्या. आबांनी एक तुकडा दुधात कुस्करला, बाकीचं ताट आत सारलं, आणि ओटीवर येऊन मला मुंबईच्या गर्दीच्या गोष्टी सांगू लागले. शब्दागणिक आवाज चढवत होते. मला वाटलं, बोटीनं कान बसले असावेत.

एवढ्यात आत परातीवर भाकरी थापल्याचा आवाज आला. थप, थप. ताटातली संपली होती, आणि हौसा स्वतःसाठी आणखी एक थापत होती.

मी ऐकत राहिलो. आबांनी माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

"गप का बसला, मास्तर?" ते हळूच म्हणाले. "बोला की मोठ्यानं. तिला वाटंल, आपन ऐकतोय."