नमुना खराब झाला

"मास्तर, विचारा."

रोज सकाळी दात घासता घासता शेजारचे डॉक्टर कुंपणाशी येतात आणि मला हुकूम सोडतात. मी विचारायचं, "डॉक्टर, रिपोर्ट आला का?" त्यांनी म्हणायचं, "नमुना खराब झाला. रिपोर्टच झाला न्हाई." असं पाच वेळा. एक शब्द इकडचा तिकडे झाला की पुन्हा पहिल्यापासून.

डॉक्टर म्हणजे जनावरांचे. पारनेर तालुक्यातल्या निम्म्या गाईंची खानदानं त्यांना पाठ. माणसांकडेही ते तसंच बघतात. माझ्या लेकीच्या लग्नात व्याह्यांसमोरच म्हणाले, "कान आज्याचे, चाल मामाची." नवरदेवाचे दात बघायचे तेवढे राहिले.

पण त्यांची आई आणि थोरला भाऊ, दोघंही सगळं विसरत विसरत गेले. मग यांनी स्वतःचंच रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट आला, तो फक्त मला दाखवला.

"आईकडनं एक, बापाकडनं एक. दोन्ही जनुकं तसलीच. असं असलं की आठवणी ठेवायचा मेंदूचा भाग लवकर आकसू शकतो. शेंगेत दाणा वाळतो तसा."

"होणारच म्हणाले का?"

"तसं न्हाई म्हणाले. पण मास्तर, माझ्याकडं द्यायला दुसरं हायच काय? सुमनला त्यातलं एक गेलंच."

सुमन ही त्यांची एकुलती लेक, श्रीगोंद्याला दिलेली. रक्त दिल्याचं तिला ठाऊक होतं, दर फोनला ती रिपोर्टचं विचारायची.

"कळलं तर आत्तापासनं झुरत बसंल ती. मला इसरायचं भ्या न्हाई. पन सांगायचं न्हाई, हेच इसरलो तर? आई सगळं इसरली, पन भाकरी थापायची न्हाई इसरली. रोजचं ते टिकतं. म्हनून घोकतोय."

मला हे पटलं नव्हतं. तरी त्या दिवसापासून माझं हसू गेलं. पुढे ते आमच्याच गल्लीत घर चुकले. माझ्या बायकोला एकाच बैठकीत तीनदा माहेर विचारलं. कुंपणाशी जाताना मला धडकी भरायची, आज चुकले तर काय घ्या.

दिवाळीला सुमन आली. अंगणात चहा देताना सहज म्हणाली, "बाबा, त्या रिपोर्टचं काय झालं शेवटी?"

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

"नमुना खराब झाला. रिपोर्टच झाला न्हाई."

"बरंच झालं, नकोच ते," म्हणत ती हसली आणि आत गेली. मी सुटकेचा श्वास टाकतोय तोवर डॉक्टर माझ्याकडे वाकले.

"लई गुणाची पोर हाय. कुनाची?"

"तुमचीच, डॉक्टर. सुमन."

त्यांनी माझं मनगट धरलं.

"माझी? मग तिला काय बोललो तर न्हाई ना मी?"

"नाही."

"विचारा, मास्तर. अजून एकदा विचारा."

मी विचारलं, "डॉक्टर, रिपोर्ट आला का?"