लाल-काळी कॅप्सूल

आमचे शेजारी मल्लिनाथअण्णा यांच्या घरी शेंगाचटणीच्या बरणीत कॅप्सुली असतात. कुणाच्या उरलेल्या, कुणी विसरलेल्या. अण्णा त्यांना रंगाने ओळखतात. लाल-पिवळी घशाला, हिरवी दाढेला, आणि लाल-काळी म्हणजे साक्षात ब्रह्मास्त्र. केसतूड असो, करट असो, गळू असो, एक गिळायची.

अण्णा अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारे जॉबर होते, तेव्हा त्या खिशात असत. मी शाळेत असताना माझ्या गुडघ्यावर करट आलं. अण्णांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, रोज गव्हाच्या पिठाचं गरम पोटीस बांधलं, अण्णांनी एकच कॅप्सूल दिली. करट फुटलं आणि गल्लीभर कीर्ती कॅप्सुलीची झाली. काकू नुसत्या हसल्या.

यंदा गळवाने अण्णांनाच गाठलं, तेही पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध. बरणीतल्या सगळ्या रंगांची रंगपंचमी झाली, तरी ते लिंबाएवढं फुगलं. शेवटी मी त्यांना ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी चिरून पू काढला आणि घरी जायला सांगितलं.

अण्णांचा शर्ट अर्ध्यावरच थांबला. "आन् लाल-काळी?"

बाई म्हणाल्या, पू निघाला हेच औषध. गळू लहान, ताप नाही, शुगर नाही. तुम्हाला गरज दिसत नाही. लाली पसरली किंवा ताप आला, तर लगेच या. पट्टी मात्र रोज बदला.

रिक्षात अण्णा धुमसत होते. "टॉवेल इणला आन् काठच शिवला न्हाय बघ."

मी बाईंची बाजू घेतली. घर जवळ आल्यावर अण्णा रस्त्याकडे बघत म्हणाले, "गोळी आपली आपल्याला गिळता येती रं. पाठीवरची पट्टी कोण बदलणार?"

काकू वारल्या त्याबरोबरच बरणीतली चटणीही संपली होती, हे मला तेव्हा उमगलं.

मग रोज सकाळी मी जाऊ लागलो. अण्णा शर्ट काढून स्टुलावर पाठ करून तयार असत. मी पट्टी बदलायची, त्यांनी बाईंच्या नावाने खडे फोडायचे. जखम भरली, खपली पडली. आता पट्टी बंद, असं बाईंनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सहज डोकावलो, तर अण्णा स्टुलावर, पाठ दाराकडे.

"अजून जरा वलं वाटतंय की," ते भिंतीला म्हणाले.

मी बोट फिरवून पाहिलं. पाठ कोरडी ठणठणीत होती.

"व्हय अण्णा," म्हटलं, आणि पट्टी कापायला घेतली.