पहिले पाच

जीवन सरांनी आयुष्यात फारसे निर्णय स्वतः घेतले नव्हते. नोकरी जाहिरातीने ठरवली, बायको आत्याने ठरवली, आणि सातारा जिल्ह्यातून थेट डहाणूच्या आदिवासी भागातली, सायवनकडच्या रस्त्यावरची ही शाळा कोणी ठरवली हे त्यांना अजूनही कळलेलं नव्हतं. मात्र डहाणूला एक दिवसाचं प्रशिक्षण घेऊन आल्यावर त्यांनी स्वतःच्या अकलेने एक निर्णय घेतला, आणि तोच अंगाशी आला.

प्रशिक्षणात एका पाहुण्यांनी पडद्यावर आलेख दाखवले होते. "मुलांवर ओरडू नका. बेशिस्तीच्या नोंदी ठेवा. कोण, काय, कधी, कुठे. महिन्याभरात नोंदीच तुमच्याशी बोलायला लागतील." हे व्याख्यान जेवणानंतर होतं. (जेवणात बासुंदी होती.) 'कोण' आणि 'काय' इथपर्यंत सर जागे होते. पुढचं त्यांनी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून आठवीच्या वर्गात वही सुरू झाली, आणि बाकीच्या शिक्षकांनाही आपापल्या तासाला तीत नोंद करायला सांगितलं. कोणी खिडकीबाहेर बघितलं, नोंद. कोणी शिंकलं आणि बाकीचे हसले, तर शिंकणाऱ्याची एक आणि हसणाऱ्यांच्या प्रत्येकी एक. सर गणित शिकवायचे कमी आणि लिहायचे जास्त. महिनाअखेरीस त्यांनी घरी लॅपटॉपवर आलेख काढला. पाच उभे खांब. सगळ्यात उंच खांब तुळशीचा. एकेचाळीस नोंदी, सगळ्या एकाच गुन्ह्याच्या: तासाला बोलणे.

"रंग कुठला देऊ?" त्यांनी बायकोला विचारलं.

"हिरवा द्या. छान दिसतो," संगीता भाजी चिरता चिरता म्हणाली. कशाचा आलेख आहे हे तिने विचारलं नाही, आणि यांनी सांगितलं नाही. वर मोठ्या अक्षरांत त्यांनी 'इयत्ता आठवी : पहिले पाच' असं लिहिलं. 'बेशिस्तीच्या नोंदी' हे शब्द खाली बारीक अक्षरांत आले, कारण वर जागा उरली नव्हती.

हा आलेख मुख्याध्यापकांना पाठवायचा होता. पण सकाळी शाळेच्या आवारात उभं राहून पाठवताना मोबाईलवर सगळ्यात वर 'आठवी पालक' हा ग्रुप होता, कारण कोणीतरी नुकतंच गुलाबाचं फूल घालून सुप्रभात केलं होतं. सरांनी फुलाखालीच आलेख चिकटवला आणि मोबाईल खिशात ठेवला. आलेख गेला आणि शाळेतली रेंजही गेली, ती दुपारपर्यंत आली नाही. पाड्यांवर मात्र होती.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच तुळशीचा बाप देवजी शाळेत हजर. धुतलेला सदरा, तेल लावून बसवलेले केस आणि काखेत एक लालभडक कोंबडा.

"मास्तर, माझी तुळशी पयली आली!"

सरांनी मोबाईल काढून बघितला. आलेख 'आठवी पालक'वर गेला होता.

"आमच्या घरात कोणी पयलं आलं नाही. मी दुसरीत शाळा सोडली. काल सगळ्या पाड्याला फोटो दाखवला. सगळ्यात उंच माझी पोरी!" देवजीने कोंबडा टेबलावर ठेवला. कोंबडा हजेरीपटावर उभा राहिला आणि त्याने शाळेबद्दलचं आपलं मत तिथेच नोंदवलं.

दाराशी तुळशी उभी होती. तिला अक्षरं वाचता येत होती, बारीकसुद्धा. ती सरांकडे बघत होती. रागाने नाही. नुसती मान किंचित हलवून 'सांगू नका' म्हणत होती.

खरं सांगायची वेळ तीच होती. पण जीवन सरांच्या तोंडून निघालं, "हो हो… तिच्यात… सातत्य फार आहे."

देवजी हात जोडून गेला. (सातत्य म्हणजे काय हे त्याला कळलं नसावं, पण शब्द मोठा होता.)

कोंबडा घरी आला. संगीताने सगळी हकीकत ऐकली आणि कढई परत फडताळात ठेवली.

"हा आपला नाही. शिजणार नाही माझ्या घरात."

"अगं, त्याने प्रेमाने दिलाय."

"पहिली आली म्हणून दिलाय. आली का पहिली?"

सरांनी कोंबडा परसात बांधला. देवजीला आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता रविवार आला. देवजीच्याच पाड्यावरचा सुरज तलासरीकडे एका कारखान्यात कामाला होता. तो सुट्टीला घरी आला, देवजीने त्यालाही मोठ्या हौसेने फोटो दाखवला, आणि सुरजने दोन बोटांनी तो मोठा करून खालची ओळ चारचौघांत वाचली.

देवजी भांडायला आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. सोमवारपासून तुळशी शाळेत यायची बंद झाली, एवढंच.

आणि सरांनी काय केलं? वहीत नोंद केली. 'गैरहजर.' एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. मुख्याध्यापकांनी तर पाठ थोपटली: वर्गातलं बोलणं एकदम बंद झालं होतं. मग चाचणीचे पेपर तपासताना सरांच्या लक्षात आलं की तुळशीच्या बाकावरच्या आणि मागच्या बाकावरच्या मिळून चारही मुली गणितात सपाटून पडल्यात. मागच्या चाचणीत त्याच चौघी बऱ्यापैकी पास होत्या.

त्यांनी त्यांतल्या नवशीला बोलावलं. "काय गं, अभ्यास सोडलास का?"

नवशी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. "तुळशी नाही ना, सर."

"मग?"

"तुम्ही बोललात की ती आम्हाला सांगायची. आमच्या बोलीत."

"पण मी मराठीतच बोलतो की!"

"हो सर. पण पटापट बोलता. आणि पुस्तकातलं बोलता."

घरी सरांनी ती वही संगीतासमोर टाकली. तिने पानं उलटली आणि ज्या 'कधी'च्या रकान्याकडे यांनी महिनाभर ढुंकून बघितलं नव्हतं त्यावर बोट ठेवलं. "एकेचाळीसच्या एकेचाळीस नोंदी चौथ्या तासाच्या. चंद्रिकाबाईंच्या विज्ञानाच्या तासाला एक नाही, इतिहासाला एक नाही. चौथा तास कोणाचा असतो?"

"माझा," सर म्हणाले.

"मग हा आलेख कोणाचा झाला?"

त्या रात्री ते जेवले नाहीत. पोरगी खरोखरच पहिली होती. बाप खोटं बोलला नव्हता, कोंबडा खोटा नव्हता. खोटी होती ती खालची बारीक ओळ. आणि याहून वाईट म्हणजे, आठवीत एकदाच देता येणारी शिष्यवृत्तीची परीक्षा आदल्याच रविवारी होऊन गेली होती. तुळशीचा अर्ज सरांनीच भरला होता. तिचं प्रवेशपत्र त्यांच्या ड्रॉवरमध्ये तसंच पडून होतं. न्यायला ती आली नव्हती, आणि नेऊन द्यायचं यांना सुचलं नव्हतं.

सकाळी ते पिशवीतून कोंबडा घेऊन पाड्यावर गेले. देवजी अंगणात भाताच्या पेंढ्या रचत होता. त्याने बाज पुढे केली, पाणी दिलं, आणि पिशवीकडे बघून म्हणाला, "दिलेलं परत घेत नाय, मास्तर."

"देवजीभाऊ, चूक माझी आहे. तिची नाही."

"मला सांगून काय होतंय? मी घरोघर सांगितलं पयली आली. मग सुरजने वाचलं, तेही घरोघर गेलं. आता तुमचं तुम्ही सांगा. घरोघर."

म्हणून माणसं आंब्याखाली जमली. म्हातारी हिरू आली, लहान्या आला, सुरजची आई आली. तुळशी कुडाला टेकून उभी होती. सर उभे राहिले आणि बोलायला लागले. आकडेवारीचा चुकीचा अन्वयार्थ, शिक्षकाची संवेदनशीलता, प्रवेशपत्र, बुडालेली परीक्षा, पश्चात्ताप.   पंधरा मिनिटं झाली. समोरची माणसं अतिशय आदराने त्यांच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी म्हाताऱ्या हिरूने शेजारणीला काहीतरी विचारलं, आणि शेजारणीने माहीत नाही म्हणून हात उडवले.

सर थांबले.  तेव्हा कुडापासची तुळशी दोन पावलं पुढे आली आणि खाली बघत, आपल्या बोलीत, दोन शब्द बोलली.

सगळ्यांच्या माना एकदम हलल्या. हिरू उठली, सरांच्या पाठीवरून हात फिरवला आणि घरी गेली. बाकीचेही उठले. देवजीने पेंढी उचलली.

"उद्या येशील ना शाळेत?" सरांनी हळूच विचारलं.

"येईन."

"परीक्षेचं… ते आता परत नाही येणार, तुळशी."

"माहीत आहे, सर."

 मग सरांना राहवेना. "तू काय सांगितलंस त्यांना?"

"सर चुकले म्हणून सांगितलं."

"एवढंच? मी तर केवढं बोललो!"

तुळशीने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. "बाकीचं लागत नव्हतं, सर."